सात दिवसांची सुट्टी : कोपरगावचं यीस्ट आणि कर्करोगाची गोळी



कर्करोगाच्या गोळ्या घेणारे रुग्ण मला एक प्रश्न हमखास विचारतात. "डॉक्टर, चौदा दिवस गोळ्या घ्यायच्या आणि पुढचे सात दिवस काहीच नाही. त्या सात दिवसांत आजार वाढणार नाही का?"

प्रश्न अगदी रास्त आहे. बरीच वर्षं मी त्याला "शरीराला जरा आराम हवा ना" एवढंच उत्तर देत आलो. ते उत्तर किती अपुरं होतं, हे मला एका रुग्णामुळे कळलं. आज त्यांचीच गोष्ट सांगणार आहे. नाव सांगत नाही, पण त्यांना विचारूनच लिहितो आहे.

काकांचं काय झालं?

काका सहासष्ट वर्षांचे. आपल्या कोपरगाव तालुक्यातल्या एका डिस्टिलरीत त्यांनी तीस वर्षं फर्मेंटेशन विभागात ऑपरेटर म्हणून काम केलं. निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला. ऑपरेशन दुसऱ्या शहरात झालं, चांगलं झालं. त्यानंतर तिथल्या कर्करोगतज्ज्ञांनी कॅपेसिटाबिन नावाच्या गोळ्या सुरू केल्या. जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, सकाळ-संध्याकाळ, चौदा दिवस. मग सात दिवस बंद. असं एकवीस दिवसांचं एक चक्र, आणि अशी आठ चक्रं. मधल्या रक्ततपासण्या आणि बारीकसारीक तक्रारी मी इथे बघायचो.

पहिली दोन चक्रं नीट गेली. तिसऱ्या चक्राच्या वेळी ओपीडीत बाहेर पंधरा-वीस माणसं बसलेली असताना काकांनी मला विचारलं, "ही सुट्टी कशाला?" मी मान वर न करता लिहिता लिहिता म्हणालो, "थोडा आराम, काका. अशक्तपणा येऊ नये म्हणून."

काकांनी त्याचा सरळ अर्थ लावला. मला अशक्तपणा नाही, तेव्हा मला सुट्टीची गरज नाही. पुढच्या चक्राच्या गोळ्या घरात आणून ठेवलेल्याच होत्या. पंधराव्या दिवशी त्यांनी गोळ्या थांबवल्या नाहीत. लवकर संपवू, लवकर मोकळे होऊ, हा त्यामागचा विचार.

एकोणिसाव्या दिवशी पहाटे काकूंचा फोन आला. रात्रभरात दहा-बारा जुलाब, तोंड आतून सोलल्यासारखं, पाण्याचा घोटही उतरत नाही, अंगात ताप. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी १,४०० वर आलेल्या होत्या. निरोगी माणसात त्या साधारण ४,००० ते ११,००० असतात. गोळ्या तात्काळ बंद केल्या, दाखल केलं, सलाइन आणि अँटिबायोटिक्स सुरू केली, त्यांच्या तज्ज्ञांशी दिवसातून दोनदा बोलत होतो. चार दिवस काळजीचे गेले. काकू खाटेशेजारी बसून एकच वाक्य म्हणत होत्या, "एक दिवस बुडवला नाही हो त्यांनी गोळीचा."

सहाव्या दिवशी काका उठून बसले. मला म्हणाले, "डॉक्टर, आगाऊपणा माझाच झाला. पण एकदा मला नीट सांगा, त्या सात दिवसांत आत होतं तरी काय?"

आगाऊपणा त्यांचा एकट्याचा नव्हता. मी एका वाक्यात उत्तर उरकलं होतं, आणि ते वाक्य चुकीच्या दिशेने नेणारं होतं. मी खुर्ची ओढून बसलो आणि म्हणालो, "काका, तुम्ही जन्मभर यीस्ट सांभाळलंत. त्यावरूनच सांगतो."

मळीच्या टाकीत काय चालतं?

आपल्याकडे गोदावरीचे कालवे आले, कालव्यांमागून ऊस आला. कोळपेवाडी, संजीवनी, साकरवाडी ही नावं उसामुळेच सगळ्यांना माहीत झाली. साखर काढून झाली की उरते ती काळी, दाट मळी. त्या मळीत अजून भरपूर साखर असते, पण तिचे दाणे पडत नाहीत. मग ती पातळ करून यीस्टच्या स्वाधीन करायची. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल सोडतं.

इथे मी सांगायला लागलो की यीस्ट साखर खातं आणि वाढतं. काकांनी मला मध्येच थांबवलं.

"तसं नाही डॉक्टर. वाढवायचं वेगळं आणि दारू करायची वेगळी. आधी लॅबमधून थोडंसं यीस्ट येतं. ते लहान भांड्यात, मग त्याहून मोठ्या भांड्यात वाढवायचं. तिथे खालून हवा सोडायची, युरिया टाकायचा. हवा मिळाली की ते झपाट्याने वाढतं. मग ते मोठ्या टाकीत सोडलं की वाढ हळूहळू थांबते आणि ते नुसतं अल्कोहोल करत बसतं. केमिस्ट साहेब सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगायचे, आज बडिंग इतके टक्के. मेलेलं यीस्ट निळं दिसायचं. मलाही दाखवायचे कधीकधी. मोठ्या गोळ्याला छोटा गोळा चिकटलेला."

वाचकहो, काकांनी दोन वाक्यांत जे सांगितलं तोच या लेखाचा पाया आहे. यीस्टची एक पेशी दोन वेगळी कामं करते. पहिलं काम रोजचं जगणं, म्हणजे साखर फोडून ऊर्जा मिळवणं. दुसरं काम म्हणजे एकाच्या दोन पेशी होणं. वाढ थांबलेल्या टाकीत पहिलं काम चालूच असतं, दुसरं बंद असतं. त्यांनी पाहिलेला 'छोटा गोळा' म्हणजे जन्माला येणारी नवी पेशी, आणि 'बडिंग' म्हणजे त्या घटकेला किती पेशींना असा अंकुर आला आहे त्याचं प्रमाण.

ही दोन्ही कामं पेशी स्वतःच्या हाताने करत नाही. ती करतात एन्झाइम, ज्यांना मराठीत विकर म्हणतात. एन्झाइम म्हणजे एकेक रासायनिक काम वेगाने पार पाडणारं प्रथिन. एन्झाइम हा शब्दही यीस्टवरूनच आला आहे. विल्हेल्म क्यूने या जर्मन शास्त्रज्ञाने तो बनवला, ग्रीक भाषेत त्याचा अर्थ साधारण 'खमिरात असलेलं' असा होतो.

कायम कामगार आणि हंगामी कामगार

साखर कारखान्यात दोन प्रकारचे कामगार असतात हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. काही कायम, ते बारा महिने कामावर. काही हंगामी. बॉयलर पेटला, मोळी पडली की ते येतात आणि पट्टा पडला की घरी जातात. ऊसतोडीच्या टोळ्यांचंही तसंच.

यीस्टच्या पेशीत साखरेचं अल्कोहोल करणारी एन्झाइम म्हणजे कायम कामगार. पेशी दुभंगत असो वा नसो, ती असतातच. पण डीएनएची नवी प्रत बनवायला लागणारी काही एन्झाइम हंगामी असतात. डीएनए म्हणजे पेशीचं संपूर्ण माहितीपुस्तक. एकाच्या दोन पेशी व्हायच्या तर आधी त्या पुस्तकाची दुसरी प्रत हवी. प्रत काढायची वेळ जवळ आली की ही एन्झाइम बनवण्याचे हुकूम धडाधड सुटतात. प्रत झाली की हुकूम बंद.

खाणं भरपूर आणि तापमान ३० अंशांच्या आसपास असेल तर यीस्टचं हे सगळं चक्र साधारण दीड तासात पूर्ण होतं. म्हणजे दर दीड तासाला एक पूर्ण गळीत हंगाम! १९९८ साली शास्त्रज्ञांनी यीस्टच्या सुमारे ६,००० जनुकांवर एकाच वेळी नजर ठेवून पाहिलं, तेव्हा सुमारे ८०० जनुकांचे हुकूम पेशीचक्राबरोबर चढ-उतार करताना दिसले.

मग पेशी सगळी एन्झाइम कायम का ठेवत नाही? एक तर प्रथिनं बनवायला पुष्कळ ऊर्जा लागते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चुकीच्या वेळी हजर असलेलं एन्झाइम नुकसान करतं. एका दुभंगण्यात डीएनएची प्रत एकदाच निघाली पाहिजे. अर्धवट दुसऱ्यांदा निघाली तर पेशी मरते किंवा बिघडते.

हे कळलं कसं?

१९७० च्या सुमारास अमेरिकेत सिएटलला लेलँड हार्टवेल नावाचे शास्त्रज्ञ यीस्टवर काम करत होते. त्यांनी अशा बिघडलेल्या जाती शोधल्या, ज्या २३ अंशांना नीट वाढतात पण तापमान ३६ अंश केलं की पेशीचक्रात एका ठरावीक टप्प्यावर अडकून पडतात. कुठे अडकल्या हे त्यांना अंकुराच्या आकारावरून कळायचं. अंकुरच नाही म्हणजे सुरुवातीला, अंकुर मोठा म्हणजे बरंच पुढे. आपल्या डिस्टिलरीतले केमिस्ट साहेब जे बडिंग मोजायचे, तेच हे बघणं. अशा एकेक बिघाडामागचं जनुक शोधून त्यांनी क्रमांक दिले.

त्यातल्या २८ क्रमांकाच्या जनुकाने सगळ्यांचं लक्ष वेधलं. चक्र सुरू करायचं की नाही, या दाराशीच ते बसलेलं होतं. ब्रिटनमध्ये पॉल नर्स दुसऱ्या एका जातीच्या यीस्टवर काम करत होते, त्यांना तसंच जनुक सापडलं. आणि १९८७ साली त्यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की माणसाचं जनुक यीस्टमध्ये घातलं तर ते यीस्टचं बिघडलेलं काम चालवून नेतं. यीस्ट आणि आपण यांचे रस्ते शंभर कोटी वर्षांपूर्वीच वेगळे झाले, तरी पेशी दुभंगण्याचं मूळ यंत्र तेच राहिलं आहे.

तिसरे टिम हंट. १९८२ साली समुद्री जीवाच्या अंड्यांत त्यांना एक प्रथिन दिसलं. ते साठत जायचं आणि प्रत्येक विभाजनाच्या वेळी अचानक नाहीसं व्हायचं. त्याला त्यांनी सायक्लिन नाव दिलं. वर सांगितलेलं २८ क्रमांकाचं एन्झाइम पेशीत नेहमीच असतं, पण सायक्लिन येऊन चिकटल्याशिवाय ते काम करत नाही. या तिघांना २००१ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

पेशी एन्झाइमवर ताबा कसा ठेवते?

काकांना मी तीन मार्ग सांगितले.

पहिला मार्ग, भरती. जनुकाला हुकूम द्यायचा, एन्झाइम बनवायचं. यीस्टची पेशी आधी स्वतःचा आकार आणि आजूबाजूचं खाणं बघते. दोन्ही पुरेसं असेल तर एका टप्प्यावर ती निर्णय घेते, आणि मग डीएनएची प्रत काढायला लागणाऱ्या एन्झाइमांची भरती सुरू होते. हे हुकूम ज्यावर लिहिलेले असतात ते रेणू काही मिनिटांतच मोडतात. त्यामुळे वरून हुकूम थांबला की भरतीही लगेच थांबते.

दुसरा मार्ग, काढून टाकणं. ज्या प्रथिनाचं काम संपलं त्याला पेशी एक छोटी खूण चिकटवते. खूण लागलेलं प्रथिन तुकडे करणाऱ्या यंत्रात जातं आणि मोडून टाकलं जातं. सायक्लिन असंच नाहीसं होतं. या खुणेचं काम उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २००४ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात बोर्टेझोमिब नावाचं इंजेक्शन देतात, ते याच तुकडे करणाऱ्या यंत्रावर बसतं.

तिसरा मार्ग, कुलूप. एन्झाइम जागेवर असतं, पण त्याला दुसरं प्रथिन घट्ट धरून ठेवतं. वेळ आली की ते कुलूप मोडायचं. हा मार्ग हवाच, कारण सगळी एन्झाइम हुकूम थांबताच नाहीशी होत नाहीत. काही बराच वेळ टिकतात, पुढच्या चक्रापर्यंतही जातात. त्यांना नुसता हुकूम थांबवून आवरता येत नाही.

काका म्हणाले, "म्हणजे भरती बंद, नाहीतर घरी पाठवा, नाहीतर गेटवर अडवा." मी म्हणालो, "अगदी तेच."

मग गोळी काय करते?

हार्टवेल यांच्या यादीत २१ क्रमांकाचं एक जनुक होतं. ते बिघडलं की पेशी डीएनएच्या प्रतीच्या वेळीच अडकते. पुढे कळलं की हे थायमिडिलेट सिंथेज नावाच्या एन्झाइमचं जनुक आहे. डीएनए चार प्रकारच्या विटांनी बांधलेला असतो. त्यातल्या एका प्रकारच्या विटा हे एन्झाइम पुरवतं. यीस्टमध्ये हा खरा हंगामी कामगार आहे. डीएनएची प्रत निघायच्या वेळी याचं प्रमाण चढतं, नंतर उतरतं. आपल्या शरीरातही निवांत बसलेल्या पेशींमध्ये ते कमी असतं आणि दुभंगणाऱ्या पेशींमध्ये जास्त.

काकांची कॅपेसिटाबिनची गोळी पोटात गेल्यावर शरीरात तिचं ५-फ्लुओरोयुरॅसिल बनतं. हे औषध अमेरिकेत चार्ल्स हायडेलबर्गर यांच्या गटाने १९५७ साली पुढे आणलं, आणि आजही आतड्याच्या कर्करोगात ते मुख्य औषधांपैकी एक आहे. ते डीएनएच्या कच्च्या मालासारखं दिसतं. थायमिडिलेट सिंथेज त्याला नेहमीचा माल समजून हातात घेतं आणि तिथेच अडकून बसतं. विटा मिळत नाहीत, डीएनएची प्रत अर्धवट राहते आणि दुभंगायला निघालेली पेशी मरते.

आता मुख्य मुद्दा लक्षात घ्या. ही गोळी कर्करोगाची पेशी ओळखत नाही. ज्या पेशीत त्या वेळी प्रत काढण्याचा हंगाम चालू आहे, तिला ती गाठते. कर्करोगाच्या पेशींमध्ये हंगाम थांबवणारी व्यवस्थाच बिघडलेली असते, त्यामुळे त्या सापडतात. पण शरीरात काही निरोगी पेशींचा हंगामही रोज चालू असतो. तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर काही दिवसांत नवं होतं. हाडांच्या आतला मगज, ज्याला आपण अस्थिमज्जा म्हणतो, तो दिवसरात्र रक्तपेशी बनवतो. काकांचं तोंड सोललं, जुलाब झाले, पांढऱ्या पेशी घटल्या. मार बसला तो नेमका या तीन जागांवर.

सात दिवसांत काय होतं?

गोळी बंद झाली की औषध काही तासांत रक्तातून उतरतं. अडकलेल्या एन्झाइमच्या जागी निरोगी पेशी नवं एन्झाइम बनवतात. आतड्याच्या अस्तरात तळाशी असलेल्या मूळ पेशी पुन्हा दुभंगू लागतात आणि तीन ते पाच दिवसांत नवा थर वर येतो. अस्थिमज्जाही कामाला लागते.

त्या काळात कर्करोगाच्या पेशीही सावरत नाहीत का? काही सावरतात. म्हणून तर एका चक्रात काम होत नाही, आठ चक्रं लागतात. पण निरोगी मूळ पेशींची सावरण्याची शिस्त अजून शाबूत असते आणि त्या अधिक पूर्णपणे भरून येतात. चौदा दिवसांचा मार आणि सात दिवसांची भरपाई, हा हिशोब पुन्हा पुन्हा केला की निरोगी पेशी टिकतात आणि कर्करोगाच्या कमी होत जातात. भरपाईचे दिवस काढून घेतले तर आधी निरोगी पेशी कोसळतात आणि उपचारच थांबवावे लागतात. काकांच्या बाबतीत तेच झालं. चार दिवस वाचवायला गेले आणि पुढची चक्रं काही आठवडे लांबली.

अशी सुट्टी इतर औषधांतही दिसेल. स्तनाच्या काही कर्करोगांत पाल्बोसिक्लिब ही गोळी एकवीस दिवस घेऊन सात दिवस बंद ठेवतात. ती थेट पेशीचक्राच्या दारावर बसते, म्हणजे सायक्लिनशी जोडून काम करणाऱ्या एन्झाइमवर. तिथेही पांढऱ्या पेशी भरून येण्यासाठीच ते सात दिवस असतात. मात्र प्रत्येक औषधाचं वेळापत्रक वेगळं असतं. कॅपेसिटाबिनही रेडिएशनबरोबर द्यायची असेल तर वेगळ्या पद्धतीने देतात. तेव्हा शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून आपलं वेळापत्रक ठरवू नका.

आणि ते टॉनिक

काका घरी जायच्या दिवशी काकूंनी पिशवीतून एक बाटली काढली. "अशक्तपणा आलाय, हे रक्तवाढीचं चालू करू का?" मी लेबल वाचलं. त्यात फॉलिक अॅसिड होतं.

एरवी हे जीवनसत्त्व चांगलं. गरोदरपणात तर ते आवर्जून देतो. पण इथे गोष्ट वेगळी आहे. थायमिडिलेट सिंथेजला काम करायला फॉलिक अॅसिडपासून बनलेला एक जोडीदार लागतो. तो जोडीदार भरपूर असला की औषध त्या एन्झाइमला अधिक घट्ट पकडतं. काही उपचारांत तज्ज्ञ मुद्दाम, मोजून-मापून अशा जोडीचा वापर करतात. पण कॅपेसिटाबिन चालू असताना घरच्या घरी फॉलिक अॅसिडचं टॉनिक घेतलं तर दुष्परिणाम वाढू शकतात. ताकदीसाठी घेतलेल्या बाटलीने जुलाब वाढवले, असं होऊ शकतं. काकूंनी बाटली परत पिशवीत ठेवली. विचारलं, हे फार बरं झालं.

तुम्ही काय लक्षात ठेवाल?

तुमच्या घरात कुणाला अशा गोळ्या चालू असतील तर एवढं करा.

१. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोळीचे दिवस आणि बंदचे दिवस आधीच लिहून ठेवा. बंदचे दिवस हा उपचाराचाच भाग आहे.

२. पुढच्या चक्राच्या गोळ्या वेगळ्या डब्यात, शक्यतो घरातल्या दुसऱ्या माणसाच्या ताब्यात ठेवा.

३. एखादी गोळी राहिली तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका.

४. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त, रोजच्यापेक्षा चार किंवा अधिक वेळा जास्त जुलाब, खाता-पिता येणार नाही इतकं तोंड येणं, तळहात-तळपाय लाल होऊन दुखणं, छातीत दुखणं, यातलं काहीही झालं तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. ताप आणि छातीतलं दुखणं यासाठी सकाळची वाट बघू नका.

५. टॉनिक, जीवनसत्त्वाच्या गोळ्या, काढे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, जे काही चालू असेल ते सगळं डॉक्टरांना दाखवा.

६. पुढचं चक्र सुरू करण्याआधीची रक्ततपासणी टाळू नका. भरपाई झाली की नाही, हे त्यातूनच कळतं.

आणि एक गोष्ट मी माझ्यासाठी लिहून ठेवली आहे. रुग्ण "कशाला?" विचारतो तेव्हा बाहेर कितीही गर्दी असली तरी पेन खाली ठेवायचं. "आराम" असं म्हणून मी काकांना एक चुकीचं कारण दिलं होतं, आणि ते त्या कारणाशी प्रामाणिकपणे वागले. खरं कारण सांगायला मला वीस मिनिटं लागली, तीही त्यांच्याच मदतीने.

काकांच्या तज्ज्ञांनी पुढे मात्रा थोडी कमी करून गोळ्या पुन्हा सुरू केल्या. चौथ्या चक्राच्या पंधराव्या दिवशी सकाळी काकांचा फोन आला. मला क्षणभर धस्स झालं.

"काही नाही डॉक्टर," ते म्हणाले, "आज पट्टा पाडला. कळवून ठेवलं."

त्यानंतर प्रत्येक चक्राला पंधराव्या दिवशी त्यांचा फोन येत राहिला, आठवं चक्र संपेपर्यंत.

तुमच्याही मनात असा एखादा "कशाला?" राहून गेला असेल तर पुढच्या भेटीत आपल्या डॉक्टरांना नक्की विचारा. हा लेख समजून घेण्यासाठी आहे. औषधाची मात्रा आणि दिवस मात्र तुमच्या डॉक्टरांनी सांगितले तेच पाळा.

काळजी घ्या.